रस्ता आणि घर

न्यूयॉर्क शहरातील वॉशिंग्टन स्क्वेअर या चौकाच्या दक्षिण बाजूस पिवळसर विटांचे, इटालियन धाटणीचे आणि उंच मनोऱ्याचे एक चर्च आहे. जडसन मेमोरियल चर्च हे त्याचे नाव. ज्या अ‍ॅडोनायरम जडसनच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उभारले गेले, तो हिंदुस्थानाला अगदीच परका नव्हे. १८१२ साली हा तरुण अमेरिकन धर्मोपदेशक कलकत्त्याच्या बंदरात उतरला. श्रीरामपूरच्या ज्या मिशनरी मंडळीतील विल्यम केरी याने १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून प्रसिद्ध केले होते, त्याच मंडळीतील विल्यम वॉर्ड याच्याकडून त्याने कलकत्त्यात बाप्तिस्मा घेतला. आणि ईस्ट इंडिया कंपनीने येथे राहू न दिल्यामुळे तो ब्रह्मदेशात गेला व आयुष्याची पुढली बहुतेक वर्षे त्याने तेथेच काढली. अशा पुरुषाच्या नावे बांधलेल्या या वास्तूला लागून असलेल्या घराच्या तळघरात १९६० च्या हिवाळ्यात एक चमत्कारिक प्रदर्शन भरले होते. त्यात चौकटीत बसविलेले चित्र नव्हते की चौथऱ्यावर ठेवलेली मूर्ती नव्हती. तेथे होती ती रद्दी, मालाच्या खोक्यांचे फाटके पुठ्ठे, गोणपाट, सुतळ्या, चिंध्या आणि मोडक्या खाटांच्या स्प्रिंगा. ३० जानेवारीला ते उघडले आणि १७ मार्चपर्यंत चालले. क्लेस ओल्डनबर्ग आणि जिम डाईन या दोन तरुण कलावंतांचे ते संयुक्त प्रदर्शन होते. ओल्डनबर्गने आपल्या वाट्याच्या जागेत जे उभे केले त्याला नाव दिले ‘रस्ता’. डाईनने आपल्या वाट्याच्या जागेत जे रचले त्याला नाव दिले ‘घर’.

चर्चच्या आश्रयाने असे प्रदर्शन भरावे याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु हे चर्च मुळापासूनच वेगळ्या वळणाचे होते. चौकाच्या उत्तरेस श्रीमंतांची घरे आणि दक्षिणेस स्थलांतरितांच्या दाट वस्त्या, अशा सीमेवर ते मुद्दाम बांधले गेले होते. १९५६ मध्ये तेथे आलेले धर्मोपदेशक हॉवर्ड मूडी यांनी ही परंपरा पुढे चालविली. मादक पदार्थांच्या आहारी गेलेल्यांना औषधोपचार मिळावा म्हणून ते झटत, आणि ज्यांना शहरातील बड्या गॅलऱ्यांचे दार उघडत नव्हते त्या कलावंतांना तळघराची जागा देत. चित्र धार्मिक असावे अशी अट नव्हती. पाहुण्याला आधी बसायला द्यावे आणि मग त्याची विचारपूस करावी, असा काहीसा तो व्यवहार होता.

दोघा कलावंतांपैकी ओल्डनबर्ग हा वडील. प्रदर्शन उघडण्याच्या दोनच दिवस आधी त्याला एकतिसावे वर्ष पूर्ण झाले होते. त्याचा जन्म स्टॉकहोमचा. वडील स्वीडनच्या परराष्ट्रसेवेत. त्यांची नेमणूक शिकागोच्या वकिलातीत झाल्यामुळे मुलगा तेथेच वाढला. येल विद्यापीठात त्याचे शिक्षण झाले, पुढे काही काळ त्याने शिकागोत बातमीदाराची नोकरी केली, आणि १९५६ साली तो न्यूयॉर्कला आला. कूपर युनियन या संस्थेच्या ग्रंथालयात पुस्तके जागच्या जागी लावण्याचे काम त्याला मिळाले. बिऱ्हाड होते लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत. घरून कामावर आणि कामावरून घरी, हीच त्याची खरी कलाशाळा ठरली असे म्हटले तरी चालेल. त्या भागात बोवरी नावाचा एक रस्ता आहे. घरदार सुटलेले, दारूने पोखरलेले पुरुष त्या काळी तेथे फुटपाथवर पडलेले असत, आणि त्यांच्या शेजारी केराचे डबे, फुटलेली खोकी, ओल्या वर्तमानपत्रांचे लगदे. बातमीदाराची नजर एकदा लागली की सहजी सुटत नाही. ओल्डनबर्ग हे सारे टिपून घेऊ लागला, आणि मग टिपून घेता घेता उचलूनही घेऊ लागला.

डाईन त्याच्याहून सहा वर्षांनी लहान, म्हणजे अवघ्या चोविशीचा. ओहायो राज्यातील सिनसिनाटी हे त्याचे गाव. आजोबांचे लोखंडी सामानाचे दुकान होते. हातोडे, पकडी, रंगाचे डबे यांच्यात त्याचे बालपण गेले. तो बारा वर्षांचा असताना त्याची आई वारली. १९५७ साली पदवी घेऊन तो पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कला आला, पोटासाठी शाळेत शिकवू लागला, आणि जडसन चर्चच्या तळघरातील गॅलरी उभी करणाऱ्या मोजक्या तरुणांपैकी एक झाला.

टाकून दिलेल्या वस्तूतून कलाकृती घडविण्याची कल्पना या दोघांची नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. १९१२ साली पिकासोने एका चित्रावर वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चिकटविले आणि चौकटीच्या जागी दोर गुंडाळला. १९१३ साली मार्सेल द्यूशाँने स्वयंपाकघरातील स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसविले. जर्मनीतील हॅनोव्हरचा कुर्ट श्विटर्स हा पहिल्या महायुद्धानंतर ट्रामची तिकिटे, वेष्टने, लाकडाचे तुकडे असले काहीबाही गोळा करून त्यांची चित्रे जुळवू लागला. ‘कॉमर्झ’ म्हणजे व्यापार, या छापील शब्दातून कापला गेलेला ‘मेर्झ’ हा तुकडाच त्याने आपल्या कलेला नाव म्हणून दिला. १९४२ साली पिकासोनेच सायकलची बैठक आणि हँडल एकत्र जोडून बैलाचे मस्तक केले. ते पाहणाऱ्याला क्षणभर बैल दिसतो, क्षणभर सायकल दिसते, आणि या लपंडावातच त्याची सारी गंमत आहे.

जडसनच्या तळघरात मात्र असा लपंडाव नव्हता. तेथला पुठ्ठा पुठ्ठाच राहिला होता. ही गोष्ट नीट ध्यानात घेतली नाही तर त्या प्रदर्शनाचे मर्म हाती लागत नाही. कुरूप वस्तूला सुंदर करून दाखविणे हा कलेचा जुना परिपाठ. कुरूप वस्तूचा विषय करून त्यावर सुंदर रचना करणे हा त्यापुढचा टप्पा. मराठी वाचकाला या दुसऱ्या टप्प्याची ओळख आहे. १९४७ साली मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ आल्या तेव्हा महानगरातील बकालपणा कवितेत येताच केवढा गदारोळ झाला होता! तरीदेखील कवितेत केर आला तरी तो शब्दरूपाने येतो; कागद स्वच्छच राहतो. ओल्डनबर्ग आणि डाईन यांनी केर प्रत्यक्षच आत आणला, आणि आणल्यावर त्याला न्हाऊमाखू घातले नाही.

ओल्डनबर्गचा ‘रस्ता’ आधी पाहू. मालाच्या खोक्यांचा पन्हाळीदार पुठ्ठा, गोणपाट, वर्तमानपत्राचा लगदा आणि लाकडाच्या पट्ट्या ही त्याची सामग्री. पुठ्ठा फाडून, कापून त्याने माणसांचे, मोटारींचे, रस्त्यावरच्या बायकांचे आकार काढले होते. काही छतापासून लोंबत होते, काही भिंतीला टेकले होते, काही जमिनीतून उगवल्यासारखे उभे होते. त्यांच्या कडा काळ्या रंगाने रेखल्या होत्या. त्या कडा पाहताना आग लागून गेलेल्या घराची आठवण व्हावी. इतर रंग जवळजवळ नव्हताच. होता तो पुठ्ठ्याचा तपकिरी, गोणपाटाचा मातकट आणि काजळीचा काळा. जमिनीवर खराखुरा केर पसरलेला. प्रेक्षक दारातून आत आला की चित्रापुढे उभा राहत नसे, चित्रात शिरत असे, आणि त्याच्या पायांखाली कागद चुरगळत असे.

या आकृत्यांना धड चेहरा नाही, धड हातपाय नाहीत. एखाद्या शाळकरी मुलाने भिंतीवर कोळशाने माणूस काढावा तशी त्यांची घडण आहे. हे अज्ञान नव्हते. मुलांची, वेड्यांची आणि भिंतीवरच्या गिरगोट्यांची रेषा अभ्यासून तिच्यातली शक्ती चित्रकलेत आणणारा फ्रेंच चित्रकार झ्याँ द्युब्युफे याचा ओल्डनबर्गवर मोठा प्रभाव होता, आणि पॅरिसच्या दरिद्री जीवनाचे कडवट चित्रण करणारा कादंबरीकार सेलीन त्याने आवडीने वाचला होता. शिवाय पुठ्ठ्याचेही स्वतःचे असे काही म्हणणे असते. तो गोलाईला दाद देत नाही. तो सरळ रेषेत मोडतो, वेडावाकडा फाटतो, आणि ज्या बाजूने पन्हाळी जातात त्याच बाजूने वळतो. संगमरवरात कोरलेला भिकारीदेखील राजबिंडा दिसण्याचा धोका असतो. पुठ्ठ्यात तो धोका नाही.

साऱ्या प्रदर्शनाला ‘रे गन’ असे नाव होते. किरणांचा मारा करणारी बंदूक, जी तेव्हा मुलांच्या चित्रकथांत आणि खेळण्यांच्या दुकानांत सर्रास दिसे. ओल्डनबर्गने हे नाव निवडले त्यामागे त्याचा एक विनोद होता. ‘रे गन’ची इंग्रजी अक्षरे उलट वाचली की ‘नग यार’ असे काहीतरी होते, आणि ते त्याच्या कानाला ‘न्यूयॉर्क’सारखे लागे. पुढेपुढे तर रस्त्यात पडलेली काटकोनातली कोणतीही वस्तू, मग तो वाकलेला खिळा असो, पाइपाचा तुकडा असो की चिरडलेली पत्र्याची पट्टी असो, त्याला ‘रे गन’ दिसू लागली आणि तो ती खिशात टाकू लागला.

डाईनचे ‘घर’ या शेजारी होते. त्याविषयी सांगण्याजोगे त्या मानाने थोडे आहे, कारण ते फार थोडे टिकले. भिंती, छत, कोपरे सगळे कागदांनी, कापडांनी, रंगाने लडबडलेल्या अडगळीने भरून गेलेले. त्यात खाटेच्या स्प्रिंगा, फाटकी वस्त्रे, आणि मधूनमधून रंगाने लिहिलेली अगदी साधी, घरात रोज कानांवर पडणारी वाक्ये. न्याहारी, कामावर जाणे, असल्या गोष्टींची. घर म्हटले की निवारा, ऊब, स्वच्छता या कल्पना मनात येतात. डाईनच्या घरात वस्तू अंगावर येत. कोठे टेकावे हे कळत नसे. रस्त्यावरची धूळ आणि दैन्य टाळून माणूस घरी येतो, आणि घर तर आतून रस्त्याइतकेच कोंदलेले निघते. ज्याची आई बारा वर्षांचा असताना गेली त्या मुलाने घराचे असे चित्र रचावे, यातून जो तो आपापला अर्थ काढील.

ओल्डनबर्गचे दैन्य बाहेरचे, पाहून घेतलेले, डाईनचे आतले. ही दोन दालने निरनिराळ्या गॅलऱ्यांत भरली असती तर त्यांचा अर्थ निम्मा झाला असता. शेजारी शेजारी आल्यामुळे प्रेक्षकाला एकातून निघून दुसऱ्यात जावे लागे, आणि शहरातील माणूस दिवसभर याखेरीज दुसरे काय करतो? संयुक्त प्रदर्शने पुष्कळ भरतात. बहुतेकांत दोन कलावंत केवळ भाडे वाटून घेतात. येथे त्यांनी विषय वाटून घेतला होता.

या सामग्रीविषयी आपल्याकडील श्रोत्याच्या मनात एक वेगळाच विचार येईल. आपल्या घरांतून वस्तू अशी एकदम टाकली जात नसे. लुगडे विरले की त्याची गोधडी होई, गोधडी विरली की पायपुसणे होई आणि शेवटी पोतेरे. धडके कपडे बोहारणीकडे जात व त्यांच्या बदल्यात भांडे घरात येई. रद्दी वजनावर विकली जाई आणि तिच्या पुड्या होऊन पुन्हा दारात येत. वस्तूला मरण येई, पण ते सावकाश, टप्प्याटप्प्याने, आणि घरच्यांच्या देखत. महायुद्धानंतरच्या अमेरिकन शहरात ही साखळी तुटली होती. पुठ्ठ्याचे खोके हेच पाहा. ते एका प्रवासासाठी जन्माला येते. माल पोहोचला की त्याचे आयुष्य संपले. ते धड असते, कोरे असते, आणि तरीही ते केर असते. ओल्डनबर्गच्या ‘रस्त्या’ला सामग्री फुकट मिळाली ती या नव्या सुबत्तेमुळे. तेथील दारिद्र्याचे चित्र संपन्नतेच्या टरफलांवर काढलेले आहे, हे लक्षात आले म्हणजे त्या तपकिरी आकृत्यांकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

त्या प्रदर्शनाच्या भरात, २९ फेब्रुवारी आणि १ व २ मार्च या तीन संध्याकाळी, गॅलरीत आणि चर्चच्या व्यायामशाळेत काही प्रयोग झाले. अ‍ॅलन कॅप्रो, रेड ग्रूम्स, डिक हिगिन्स, रॉबर्ट व्हिटमन, अल हॅन्सन असे आणखी कलावंत त्यांत होते. नाटक म्हणावे तर त्यांना कथानक नव्हते. ओल्डनबर्गने आपल्या ‘रस्त्या’तच, अंगाला चिंध्या व फडकी गुंडाळून, भिकाऱ्याचा वेष घेतला. त्याच्याबरोबर पॅट्रिशिया म्युचिन्स्की ही होती. त्याच वर्षी त्या दोघांचे लग्न झाले. दिवा लागे, दोघे एका स्थितीत थिजलेली दिसत, दिवा मालवे. पुन्हा लागे, दुसरी स्थिती. असे बत्तीस वेळा झाले. वर्तमानपत्रातील छायाचित्रे एकामागून एक उलटावीत तसा तो अनुभव होता. डाईनचा प्रयोग अर्ध्या मिनिटाचा. रंगाने माखलेला अंगरखा घालून तो एका मोठ्या कॅनव्हाससमोर उभा राहिला, हे काम आपल्याला फार आवडते आणि कोणीतरी सोडवा अशा अर्थाचा मजकूर त्यावर झरझर लिहिला, डब्यातला रंग, म्हणजे वस्तुतः टोमॅटोचा रस, प्याला, उरलेला डोक्यावर ओतला, आणि कॅनव्हास फाडून पलीकडे उडी मारली. मध्यंतरात प्रेक्षकांना खोट्या नोटा वाटण्यात आल्या, त्या देऊन मांडलेल्या भंगारातून हवे ते विकत घ्यावे म्हणून. कलेच्या बाजारावरची ही कोटी त्या वेळी हसण्यावारी गेली असेल. पण ओल्डनबर्ग ती विसरला नाही. १९६१ च्या डिसेंबरात त्याने लोअर ईस्ट साइडमध्ये खरोखरच दुकान थाटले आणि रंगीत प्लास्टरचे केक, कपडे व मटण खऱ्या पैशांना विकले.

इतके झाल्यावर एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि तो कलेच्या सौंदर्याविषयीचा नाही. हा सारा प्रकार म्हणजे कलेची थट्टा, हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तर काळाने दिले आहे. दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. वाणिज्यदूताचा मुलगा, येलचा पदवीधर, भिकाऱ्याच्या चिंध्या अंगावर घेतो आणि सुशिक्षित प्रेक्षक ते पाहायला तळघरात येतात. तेथून चालत गेले तर थोड्याच अंतरावर खरा भिकारी खऱ्या चिंध्यांत थंडीने काकडत पडलेला आहे. मग हा त्याच्या दैन्याचा तमाशा नव्हे काय? त्याच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे कदाचित त्याच्या अंथरुणावर, कलावंताने आपले नाव कमावले असे कोणी म्हटले तर काय सांगावे?

या प्रश्नाला पुरते समाधानकारक उत्तर नाही. मात्र उत्तर शोधताना त्या वर्षांतील न्यूयॉर्क डोळ्यांसमोर आणले पाहिजे. रॉबर्ट मोझेस या बलाढ्य अधिकाऱ्याच्या हाती शहराच्या फेरबांधणीची सूत्रे होती. वॉशिंग्टन स्क्वेअर उद्यानातून मोठा रस्ता काढण्याचा त्याचा बेत होता. शर्ली हेज, जेन जेकब्स प्रभृती नागरिकांनी वर्षानुवर्षे झुंज देऊन तो हाणून पाडला आणि १९५८ मध्ये उद्यानातली मोटारींची वर्दळ थांबली. परंतु चौकाच्या दक्षिणेस, जडसन चर्चपासून फार दूर नव्हे, जुन्या इमारतींचे ठोकळेच्या ठोकळे १९४९ च्या गृहनिर्माण कायद्याच्या आधारे जमीनदोस्त झाले होते आणि त्यांच्या जागी प्रचंड निवासी इमारती उठत होत्या. नकाशावर ज्या वस्तीला एकदा ‘बकाल’ असा शिक्का बसला, तिच्यातील माणसे, दुकाने आणि आठवणी यांचा हिशेब पुढे कोणी मागत नाही. सरकारी कागदपत्रांशी ज्यांचा संबंध येतो त्यांना या शिक्क्याचे सामर्थ्य ठाऊक असते. ज्या काळात शहरच आपले जुने अंग कचऱ्यासारखे उचलून टाकीत होते, त्या काळात दोन तरुणांनी कचरा उचलून आत आणला, आणि पाहणाऱ्याला त्याच्यातून चालावयास लावले. यातून बोवरीच्या भिकाऱ्याला पांघरूण मिळाले नाही, हे खरे. पण त्याला टाळून जाण्याची जी सवय शहराला लागते, तिला निदान त्या तळघरात वाव नव्हता. आक्षेपाचे बळ त्यामुळे कमी होते. नाहीसे होत नाही.

योगायोग असा की, याच सुमारास इकडे चंदीगडमध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता-निरीक्षक नेकचंद हा नव्या शहरासाठी पाडलेल्या गावांतील फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे व दगड गुपचूप गोळा करून सरकारी वनजमिनीवर मूर्तींचे राज्य वसवू लागला होता. ते उघडकीस आल्यावर पाडून न टाकता १९७६ साली जनतेस खुले करण्यात आले. न्यूयॉर्कच्या तळघराची त्याला वार्ताही नव्हती. नवे शहर रेखले की जुन्याचा चुरा होतो आणि तो वेचणारा कोणीतरी निघतो, एवढेच त्या दोहोंतले साम्य.

जडसनचे प्रदर्शन मार्चमध्ये संपले आणि मग खरी अडचण उभी राहिली. केरातून आलेली वस्तू प्रदर्शन संपल्यावर कोठे जावी? ‘घर’ मोडले गेले. आज ते छायाचित्रांतच पाहावे लागते. ‘रस्त्या’तील काही आकृत्या ओल्डनबर्गने मे महिन्यात रूबेन गॅलरीत नव्याने, अधिक विरळ मांडल्या, आणि त्यांतील मोजक्याच पुढे वाचल्या. त्यांतल्या काही जर्मनीत कोलोन येथील लुडविग संग्रहालयात आहेत. २०१२ साली व्हिएन्नातून निघालेले ओल्डनबर्गच्या आरंभीच्या कामांचे मोठे प्रदर्शन २०१३ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आले, तेव्हा ‘रस्त्या’चे हे अवशेष अर्धशतकाने पुन्हा त्या शहरात उभे राहिले. लाकडाच्या हलक्या लगद्याच्या कागदात लिग्निन नावाचे द्रव्य असते. हवा आणि उजेड लागला की ते पिवळे पडते, आम्ल तयार होते आणि कागद ठिसूळ होतो. म्हणून अशा वस्तूंवर साधारणतः ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत, हवेतील दमटपणा सतत मोजतात, आणि त्यांना हात लावण्यापूर्वी हातमोजे घालतात. जो पुठ्ठा फुटपाथवर पावसात कुजून जायचा, त्याच्या सेवेला इतकी माणसे! दूध नासू नये म्हणून जपणे समजते. नासलेल्या दुधाला जपण्याचा हा प्रकार. परंतु जपले नसते तर आज बोलायलाही काही उरले नसते.

दोघांच्या वाटा पुढे वेगळ्या झाल्या. डाईनने १९६२ च्या सुमारास आजोबांच्या दुकानातली आठवण धरून खरी हत्यारे कॅनव्हासवर बसविण्यास आरंभ केला, आणि पकड, करवत, हातोडा हे त्याचे आयुष्यभराचे विषय झाले. ओल्डनबर्ग कापड शिवून केलेल्या मऊ शिल्पांकडे वळला. त्यांतली पहिली शिलाई पॅट्रिशियाच्या हातची. नंतर तो पोलादाकडे गेला. १९७६ साली फिलाडेल्फियाच्या मध्यभागी त्याची कपडे वाळत घालायच्या चिमट्याची ४५ फूट उंचीची प्रतिमा उभी राहिली. २०२२ साली तो वारला.

परंतु रस्त्यात वाकून काहीतरी उचलण्याची सवय त्याने सोडली नाही. त्या काटकोनी ‘रे गन’ वर्षानुवर्षे साठत गेल्या, आणि १९७७ साली त्यांच्यासाठी त्याने बंदुकीच्याच आकाराचे एक दालन रचले. व्हिएन्नाच्या आधुनिक कला संग्रहालयात ते आहे. आत काळोख असतो, फक्त काचेच्या पेट्या उजळलेल्या. त्यांत ओळीने मांडलेले खिळे, पाइपाचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, प्लास्टिकची खेळणी. काही त्याने रस्त्यावरून जशाच्या तशा उचललेली, काही थोडी बदललेली, काही स्वतः घडविलेली. आणि पाहणाऱ्याला कोणती कुठली हे पुष्कळदा ओळखता येत नाही.